सिल्व्हराडोवर नवा एक्झॉस्ट: बसवल्या दिवशीचा आवाज आणि मुरल्यानंतरचा

शेव्हरोले सिल्व्हराडो 1500, 2014 ते 2018 ची मॉडेल्स, 5.3 लिटर व्ही-8 इंजिन. या पिकअपला कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा बसवायचा म्हटलं की अमेरिकेत चार नावं हमखास निघतात: बोर्ला, कोर्सा, मॅग्नाफ्लो आणि फ्लोमास्टर. इथे कॅट-बॅक सेटचा विचार केला आहे, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) मागचा पाइप, मफलर आणि टिप. कन्व्हर्टरला हात लावायचा नाही. तो काढणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि त्याने आवाज सुधारतही नाही, फक्त फाटतो.

सगळ्यात आधी निकाल सांगतो: आवाज मुरतो, घुमारा मुरत नाही. हायवेवर एकाच वेगाने जाताना केबिनमध्ये कानावर दाब आल्यासारखी जी घूं-घूं होते, तिला इकडे ड्रोन म्हणतात. दुकानदार सांगतो, ‘पाचशे मैल चालू द्या, बसेल.’ बसत नाही. पहिल्या दिवशी ड्रोन असेल तर वर्षानेही असेल.

कारण इंजिनात आहे. या 5.3 ला हलक्या लोडवर 1, 4, 6 आणि 7 नंबरचे सिलिंडर बंद करण्याची सोय आहे. 3.08 अ‍ॅक्सल (मागच्या अक्षाचं गिअर-प्रमाण) आणि सहा गिअरची गाडी ताशी 70 मैलांवर साधारण 1,500 आरपीएमवर चालते, 3.42 अ‍ॅक्सलची 1,700 च्या आसपास. आठही सिलिंडर चालू असताना 1,500 वर सेकंदाला 100 ठोके पडतात, चार चालू असताना 50. हा 50 हर्ट्झचा खर्ज कंपनीचा मोठा मफलर गिळून टाकतो. बाहेरचे बहुतेक मफलर आकाराने लहान आणि आतून मोकळे, त्यांना तो गिळता येत नाही. मग तो पत्र्यातून आणि सीटमधून जाणवतो.

काही जण यावर बंद टोकाची उपनळी, जे-पाइप, वेल्ड करून घेतात. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 500 मीटर धरला तर 100 हर्ट्झसाठी तिची लांबी सव्वा मीटर येते. ती फ्रेमच्या आत बसते. 50 हर्ट्झसाठी मात्र अडीच मीटर लागते, आणि तेवढी जागा गाडीखाली काढणं अवघड. म्हणून या गाडीवर स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे ओबीडी पोर्टमध्ये (डॅशबोर्डखालच्या, गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) लावायचं छोटं उपकरण, जे आठही सिलिंडर चालू ठेवतं. मायलेज थोडं घटतं. कायमचा बदल नाही, काढलं की गाडी पूर्ववत.

आता चारही सेटबद्दल.

फ्लोमास्टरचे चेंबरवाले मफलर, 40 सिरीज किंवा सुपर 44: आत पडदे आहेत, भरण नाही. गॅस दिल्यावर जुन्या अमेरिकन गाड्यांचा तो भरदार, किंचित खरखरीत आवाज यांच्याइतका कुणाचाच नाही. ज्याला तोच हवा, त्याने दुसरीकडे बघूच नये. पण यात मुरण्यासारखं काही नसतं. आतल्या पत्र्यावर काजळीचा पातळ थर बसतो आणि कडा जराशी बोथट होते, एवढंच. चार सिलिंडरवर ड्रोन सगळ्यात जास्त इथेच. रोज तासभर हायवे असेल तर घेऊ नका.

मॅग्नाफ्लो आणि बोर्ला हे आरपार नळीचे. मधली नळी छिद्रांची, तिच्याभोवती जाळी आणि तंतूंचं भरण. मुरणं म्हणजे काय ते यांच्यात कळतं. नव्या भरणातलं चिकट द्रव्य उष्णतेने जळून जातं, तंतू दबून बसतात, छिद्रांत काजळी धरते. पहिल्या काही शे मैलांत वरच्या पट्टीतली धातूची किणकिण कमी होते, खर्ज उठून दिसतो आणि एकूण आवाज किंचित मोठा होतो. पहिल्या दिवशी ‘अजून थोडा मोठा हवा होता’ असं वाटलं तर घाई करू नका. उलट त्या दिवशीच मोठा वाटला, तर पुढे कमी व्हायचा नाही. बोर्लाचा एस-टाइप मधल्या पातळीचा, टूरिंग त्याहून शांत, अटॅक सगळ्यात मोठा. या इंजिनावर एस-टाइपच्या वर जायचं कारण नाही.

कोर्सा स्पोर्ट महाग, पण ड्रोनवर खरं काम याच सेटने केलं आहे. ध्वनीलहर बाजूच्या पोकळीतून फिरवून उलट्या कलेने परत आणायची आणि मूळ लहर मारायची, अशी रचना. आत तंतू नाहीत. त्यामुळे आज जसा वाजतो तसाच पुढेही. गॅस दाबला की जोरात उठतो, पाय काढून स्थिर वेग धरला की गप्प. चार सिलिंडरवर थोडी घूं-घूं याच्यातही उरते, पण बोलणं थांबवावं लागत नाही. रोजच्या गाडीसाठी माझी पसंती हीच.

व्हिडिओ बघून सेट निवडू नका. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो आणि फोनच्या स्पीकरमधून 50 हर्ट्झ ऐकूच येत नाही. शक्य असेल तर बसवलेल्या गाडीतून ताशी 60 ते 75 मैलांवर एक चक्कर मारा. मोजायचंच असेल तर अ‍ॅपमध्ये ‘सी’ वेटिंग (कोणत्या पट्टीला आकड्यात किती वजन द्यायचं ती सेटिंग) ठेवा. ‘ए’ वेटिंग 50 हर्ट्झला 30 डेसिबल कापतं, म्हणजे नेमका त्रास देणारा भागच आकड्यातून गायब होतो.

बसवताना काय बिघडतं, तेही पाहू. मुरल्यानंतर आवाज खराब झाला अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा जोडणीत असतो. आदल्या रात्री जुन्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हँगरचे (पाइप गाडीखाली टांगणाऱ्या आकड्यांचे) रबर साबणाच्या पाण्याने सुटतात, पुन्हा चढवतानाही तेच पाणी वापरा. अ‍ॅक्सलवरून गेलेला जुना पाइप सरळ निघत नसेल तर मफलरच्या मागे कापावा लागतो. नवे भाग आधी सगळे सैल अडकवा. पाइपाच्या तोंडावरच्या चिरा क्लॅम्पखाली पूर्ण झाकल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर तिथूनच फुसफुस सुरू. मग पुढून मागे येत आवळा, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, कंपनीच्या पत्रकाप्रमाणे. फ्रेम, शॉक, ब्रेकच्या नळ्या आणि स्टेपनी यांपासून किमान 12 मिमी मोकळी जागा हवी.

लांबीच्या दिशेला त्याहून जास्त हवी. 304 स्टेनलेसचा 3 मीटर पाइप 300 अंशांनी तापला की जवळजवळ 15 मिमी वाढतो. गार असताना सुरेख दिसणारी टिप गरम झाल्यावर बंपरला टेकते आणि सिग्नलवर खडखडते ती याचमुळे.

पहिल्यांदा गाडी बाहेर उघड्यावर चालू करा. पाइप वाकवताना लागलेलं तेल जळून दहा-पंधरा मिनिटं धूर आणि वास येतो. घाबरायचं कारण नाही. मफलरच्या भोकातून पाणी ठिबकतं, तेही नेहमीचंच. गार इंजिन कन्व्हर्टर तापवायला चढ्या आरपीएमवर चालतं, तेव्हा दिवसातला सर्वात मोठा आवाज पहाटे शेजाऱ्यांच्या खिडकीखाली होतो. हे सेट निवडतानाच लक्षात घ्या.

50 ते 100 मैलांनी, पाइप पूर्ण गार असताना, सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. दोन-तीनदा तापून गार झाल्यावर ते सैल पडतातच. सांध्याजवळ काळी रेघ दिसली की गळती तिथे. गॅस सोडल्यावर फटफट होत असेल तर ती ‘स्पोर्टी’ समजू नका, आधी सांधे तपासा. ही गळती ऑक्सिजन सेन्सरच्या मागे असल्याने चेक-इंजिनचा दिवा लागत नाही, कानानेच शोधावी लागते.

मिशिगन, ओहायो, इलिनॉय अशा, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत 304 स्टेनलेसलाच पैसे द्या. 409 या दुसऱ्या प्रकारच्या स्टेनलेसला वरून तांबूस गंज पहिल्याच हिवाळ्यात चढतो. दुकानात लोहचुंबक लावून बघा, 409 ला घट्ट चिकटतो, 304 ला जवळपास नाही. आणि जुना सेट कापावा लागला तरी मफलर, हँगर आणि क्लॅम्प फेकू नका. गाडी विकताना घेणारा कंपनीचा आवाज मागतो, आणि कापलेला पाइप एका जोड-नळीने व दोन क्लॅम्पने परत जोडता येतो.