टी-स्क्वेअरवरचा राग अर्धा मागे घेतोय

ए-टू मापाचा लाकडी ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर (बोर्डाच्या कडेला डोकं टेकवून वरखाली सरकवायची, आडव्या रेषा मारायची पट्टी) फेब्रुवारीत घेतला, दोन्ही मिळून साडेअकराशे. घराचं काम काढायचं होतं. सुताराला हातवारे करून सांगण्यापेक्षा हॉल काढूनच दाखवावा म्हटलं. शाळेत इंटरमिजिएट दिली होती, तेवढ्यावर फाजील आत्मविश्वास.

समोरची भिंत 4 बाय 3 मीटर, म्हणजे 1:20 ला 20 बाय 15 सेंटिमीटर. आय लेव्हल, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची रेषा, दीड मीटरवर; तिच्यावर मधोमध व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे आत जाणाऱ्या रेषा मिळतात तो बिंदू. बघणारा भिंतीपासून 6 मीटरवर, म्हणून ते अंतर दाखवणारा बिंदू, डिस्टन्स पॉइंट, त्याच रेषेवर 30 सेंटिमीटर बाजूला. फरशी 3 मीटर पुढे आणली की चित्र 40 बाय 30 होतं, कागदात मावतं. आधी मी बघणाऱ्याला 4 मीटरवरच उभा केला होता. पुढच्या लाद्या जाजमाएवढ्या झाल्या आणि चित्र कागदाबाहेर गेलं. तो दोष माझा.

व्हॅनिशिंग पॉइंटवर टाचणी ठोकून पट्टी तिला टेकवायची, हे उत्तम चालतं. लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’मध्येही ख्रिस्ताच्या कानशिलापाशी खिळ्याचं भोक आहे, त्यामुळे बोर्डाला भोक पडल्याचं दुःख नाही.

दुःख टी-स्क्वेअरचं. चौरस लाद्यांचे त्या बाजूचे सगळे कर्ण डिस्टन्स पॉइंटलाच मिळायला हवेत. जूनपासून मिळेनात. भिंतीजवळच्या ओळी बरोबर, पण पुढच्या ओळीत कर्ण कोपऱ्याला दोन मिलिमीटरने चुकवायचा. दोन मिलिमीटर! मी टी-स्क्वेअरचे स्क्रू आवळले, फेव्हिकॉल घातलं, पुन्हा आवळले. दुकानात नेला तर ‘वापरलेला माल परत नाही’, आणि वर ‘हात स्थिर ठेवा, काका.’ त्या दिवशी एक तारा द्यायचा ठरवून बसलो होतो.

ऑगस्टात सुतार मापं घ्यायला आले. चित्राकडे बघितलंही नाही. बोर्डाच्या डाव्या कडेवर स्टीलची पट्टी उभी ठेवली, खिडकीकडे धरली आणि मला बोलावलं. दोन्ही टोकांना उजेडाची फट, मध्ये अंधार.

“कडेनं पोट काढलंय, साहेब. पावसात कुठं ठेवता?”

बाल्कनीच्या भिंतीला. फुगीर कडेवरून टी-स्क्वेअर वर नेला की रेषा एकीकडे कलते, खाली आणला की दुसरीकडे. मेपर्यंतची चित्रं काढून तपासली. सगळे कर्ण जागच्या जागी.

म्हणजे टी-स्क्वेअर निर्दोष. त्याला चार तारे. बोर्डाला दोनच, कारण बऱ्या बोर्डाच्या कडेला कठीण लाकडाची पट्टी असते, ह्याच्या नव्हती. दुकानदाराला मात्र शून्य, त्यात बदल नाही.

सुतारांनी चार हात रंधा मारून कड सरळ करून दिली, चहावर. कर्ण आता मिळतात. फक्त स्क्रू आवळून आवळून टी-स्क्वेअरच्या डोक्याला मीच चीर पाडली आहे. नवा तीनशेला आहे, त्याच दुकानात. अजून गेलो नाही.