एका दिवसाचं लंडन: लाल बसचा हिशेब

वेस्टमिन्स्टरला पोचलात की पाच मिनिटांत कोणीतरी हातात रंगीत पत्रक कोंबतं. उघड्या छताची टूरिस्ट बस, दिवसभर कुठेही चढा, कुठेही उतरा, दर माणशी ३० पौंडांच्या पुढे. त्याच रस्त्याने, त्याच सिग्नलला थांबत शहराची साधी लाल दुमजली बस जाते. तिचं भाडं १.७५ पौंड, आणि दिवसभरात कितीही बस बदलल्या तरी कापले जातात जास्तीत जास्त ५.२५ पौंड (दर २०२५ चे). एका दिवसात लंडन उरकायचं असेल तर ही लाल बस पाचपैकी साडेचार गुणांची. अर्धा गुण कशाला कापला, ते पुढे येईलच.

बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड पिवळ्या यंत्राला टेकवायचं, बीप वाजला की झालं. भारतातलं कार्डही चालतं, पण निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'परदेशातील वापर' आणि 'कॉन्टॅक्टलेस' हे दोन्ही खटके चालू करा. बहुतेक कार्डांवर ते बंदच असतात, आणि हे लक्षात येतं ते ड्रायव्हरसमोर, मागे रांग खोळंबलेली असताना. माणशी एक कार्ड लागतं. आई-बाबांसाठी तेच कार्ड दोनदा टेकवून भागत नाही. दुसरी गफलत याहून छुपी आहे. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाचं फोनमधलं रूप वापरलंत, तर यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. मग ५.२५ ची मर्यादा दोन्हींना वेगवेगळी मोजली जाते. जे सकाळी टेकवलं तेच रात्रीपर्यंत टेकवा. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट.

पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एका तासात कितीही बस पकडा, भाडं एकदाच. इथे मोजतात ती चढायची वेळ, उतरायची नव्हे. ११ वाजता पहिली बस घेतली आणि ११:५५ ला शेवटची पकडली, तर ती पुढे कितीही रेंगाळो, पैसे पडत नाहीत. बसमध्ये कार्ड फक्त चढताना टेकवायचं. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. बाहेर पडताना विसरलात की सर्वात जास्त भाडं कापलं जातं.

आता मार्ग. जुन्या सल्ल्यांमध्ये अजूनही '११ नंबर पकडा, ती सेंट पॉल्स कॅथेड्रलला नेते' असं असतं. २०२३ पासून ११ नंबर वेस्टमिन्स्टरहून वॉटर्लूकडे वळते. व्हिक्टोरियाहून वेस्टमिन्स्टर, ट्रफाल्गर चौक, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स असा जुना रस्ता आता २६ नंबर घेते. ट्रफाल्गरहून टॉवर ऑफ लंडनकडे जायला १५ नंबर. मोठ्या चौकांत एकाच नावाचे पाच-सहा थांबे असतात. खांबाच्या माथ्यावर इंग्रजी अक्षर असतं, नकाशातलं अक्षर त्याच्याशी जुळवून बघा, नाहीतर उलट्या दिशेच्या बसमध्ये बसाल. बस दिसली की हात दाखवा. वर जाऊन पहिल्या रांगेत बसा. समोरची अख्खी काच आपली, फांद्या काचेवर फटाफट आपटतात, आणि टूरिस्ट बसवाल्यांसारखं पावसात भिजायला लागत नाही.

सगळंच बसने करू नका, मात्र. वेस्टमिन्स्टर ते ट्रफाल्गर जेमतेम एक किलोमीटर आहे. चालत गेलात तर वाटेत हॉर्स गार्ड्सची घोडेस्वारांची पहारेबदली लागते, सोमवार ते शनिवार ११ वाजता, रविवारी १० वाजता. बकिंगहॅम राजवाड्याची पहारेबदली जास्त प्रसिद्ध, पण ती रोज नसते, आणि तासभर आधी कठड्याला चिकटला नाहीत तर लोकांचे फोनच दिसतात. एका दिवसाच्या पाहुण्याला हॉर्स गार्ड्स पुरे. ट्रफाल्गरला नॅशनल गॅलरी फुकट आहे. स्वच्छतागृहही फुकट, ज्येष्ठांसोबत असाल तर हे चित्रांइतकंच महत्त्वाचं.

अर्धा गुण कापला तो दुपारच्या कोंडीसाठी. स्ट्रँड आणि फ्लीट स्ट्रीटवर बस मुंगीच्या पावलांनी सरकते. कधी मध्येच घोषणा होते की ही बस पुढे जाणार नाही, सगळे उतरा. चिडून टॅक्सी करू नका, मागची बस पकडा. तास उलटला नसेल तर ती फुकटच. घाई असेल तर सरळ ट्यूब.

टूरिस्ट बस घ्यावी का? वाटेत कानात माहिती हवी असेल, किंवा जूनच्या उन्हात मुलांना उघडं छतच हवं असेल, तर घ्या. एरवी तेवढ्या पैशात नदी पाहा. टॉवरच्या दारापाशीच थेम्स क्लिपर्स या प्रवासी बोटींचा धक्का आहे. तिथून वेस्टमिन्स्टर वीस-पंचवीस मिनिटं. कार्ड चालतं, चढताना आणि उतरताना टेकवायचं. मात्र हे भाडं ५.२५ च्या मर्यादेत मोजलं जात नाही आणि बसच्या कित्येक पट आहे. तरी वसूल होतं. वेळ असेल तर उलट्या दिशेने ग्रिनिच गाठा. टॉवर ब्रिजच्या पलीकडे काही अंतरावर बोट खरी सुटते, मागच्या उघड्या डेकवर टोपी धरून ठेवावी लागते.

टॉवरच्या आत जायचं की नाही, हे सकाळीच ठरवा. कोहिनूर तिथेच आहे, १९३७ च्या राणीच्या मुकुटात, पण समोरून सरकत्या पट्ट्यावरून काही सेकंदांत पुढे जावं लागतं. फोटोला बंदी. आत गेलात की अडीच-तीन तास गेले, मग ग्रिनिच विसरा. वाघनखांसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे धावण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या, की ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवली गेली. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर मात्र बघण्यासारखं. युस्टनला उतरणाऱ्यांना ट्यूबच्या नॉर्दर्न लाइनने या घराजवळचं चॉक फार्म स्टेशन जवळ पडतं.

वडापावसाठी पश्चिम टोकाच्या हाउन्स्लो उपनगरात जाऊ नका, एवढ्यासाठी दोन-अडीच तास मोडतात. युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी देशी जेवण मिळतं. दुपारी सुपरमार्केटचं सँडविच घेऊन नदीकाठी बसा.

डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा बोट आधी आणि गॅलरी नंतर. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, क्रम उलटा केला तरी चालेल.