किडनीचा आजार किती वेगाने वाढेल? रक्त आणि लघवीच्या कोणत्या तपासण्या खरंच उपयोगी आहेत

दोन जणांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाचं रक्तातलं प्रमाण, अगदी सारखं, समजा १.८, असू शकतं. एकाची किडनी पुढची कित्येक वर्षं जवळपास तशीच राहते आणि दुसऱ्यावर चार-पाच वर्षांत डायलिसिसची वेळ येते. आजार आज कुठे आहे ते क्रिएटिनिन सांगतं, पण तो किती वेगाने पुढे जाणार हे त्या एका आकड्यात नसतं. म्हणून तपासण्या निवडताना मी दोनच गोष्टी बघते: ही तपासणी पुढचं काही सांगते का, आणि ते कळल्यावर उपचारात काही बदलतं का.

क्रिएटिनिन आणि ईजीएफआर

ही तपासणी सगळेच करतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. ते रक्तात किती साठलं यावरून, वय आणि लिंग लक्षात घेऊन, किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज काढतात. तोच ईजीएफआर. तो तीन महिन्यांहून जास्त काळ (मिनिटाला मिलिलिटरमध्ये) ६०च्या खाली राहिला तर दीर्घकालीन किडनीविकार धरतात, १५च्या खाली शेवटचा टप्पा.

अडचण अशी की किडनीचं काम निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत क्रिएटिनिन 'नॉर्मल'च्या चौकटीत राहू शकतं. किरकोळ अंगाच्या वयस्क बाईचा रिपोर्ट यात हमखास फसवतो. उलट कसलेल्या शरीराचा, भरपूर मांस खाणारा किंवा क्रिएटिन पावडर घेणारा माणूस धडधाकट असूनही त्याचा आकडा वर दिसतो. ट्रायमेथोप्रिमसारखं जंतुविरोधी औषध चालू असतानाही क्रिएटिनिन वाढतं, किडनीला इजा न होता.

एकट्या रिपोर्टपेक्षा रिपोर्टांची रांग बोलकी असते. ईजीएफआर वर्षाला ५ पेक्षा जास्त घसरत असेल आणि ही घसरण टिकून असेल, तर आजार वेगाने वाढतोय असं समजतात. ही रांग विश्वासार्ह हवी असेल तर शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी आणि उलट्या-जुलाब, ताप चालू असताना काढलेला आकडा त्यात धरू नये.

सिस्टॅटिन-सी

हे छोटं प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायू कमी की जास्त याचा त्याला फारसा फरक पडत नाही. पण तेही निर्दोष नाही. स्टेरॉइड, थायरॉइडचा बिघाड, लठ्ठपणा, धूम्रपान आणि शरीरातली सूज यांनी ते बदलतं. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन-सी दोन्ही धरून काढलेला ईजीएफआर सर्वसाधारणपणे सर्वांत अचूक येतो.

दर वेळी ही तपासणी करायची गरज नाही. ईजीएफआर ४५ ते ५९ आहे, लघवीतून प्रथिन जात नाही आणि हा खरंच आजार आहे का अशी शंका आहे, तिथे ती एकदा करावीच. स्नायू झडलेले असतील, पाय कापावा लागला असेल किंवा खूप व्यायामाचं शरीर असेल, तरीही. सिस्टॅटिनवरून आकडा ६०च्या वर आला तर पुढचा धोका बराच कमी असतो आणि नाहक लागलेलं किडनीच्या पेशंटचं लेबल निघतं.

लघवीतला अल्ब्युमिन

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, निरोगी किडनी ते लघवीत फारसं जाऊ देत नाही. पुढे काय होणार हे सांगण्यात या साध्या तपासणीला तोड नाही, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त राहून जाते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाकडे क्रिएटिनिनच्या रिपोर्टांची अख्खी फाइल असते, पण लघवीतला अल्ब्युमिन एकदाही मोजलेला नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण औषधांचा सगळ्यात जास्त उपयोग होण्याचा काळ यातच निघून जातो.

मोजायचं ते लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, लॅबच्या भाषेत एसीआर. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिनच्या आत ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३००च्या वर जास्त. ईजीएफआर सारखाच असलेल्या लोकांमध्येही एसीआर जसा चढतो तसा किडनी निकामी होण्याचा धोका पटींनी चढतो. गळणारं अल्ब्युमिन गाळणी बिघडल्याची खूण तर असतंच, शिवाय ते किडनीच्या नलिकांवर ताण टाकून नुकसान वाढवतं, असंही मानलं जातं.

लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर 'निगेटिव्ह' आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. थोड्या प्रमाणातला अल्ब्युमिन पट्टीला दिसत नाही आणि पातळ लघवीत तर जास्तीचाही निसटतो. एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी द्यावी. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनी आकडा फुगतो, म्हणून वाढलेला आला तर पुन्हा करून खात्री करावी. मुळात हा आकडा बराच खालीवर होतो. दुप्पट झाला तर मात्र त्याकडे लक्ष द्यायलाच हवं.

याचा आणखी एक मोठा गुण म्हणजे उपचार लागू पडतोय का तेही तो दाखवतो. किडनी जपणारी औषधं, म्हणजे एसीई इनहिबिटर आणि एआरबी (दोन्ही रक्तदाबाची), एसजीएलटी-२ इनहिबिटर (मुळात मधुमेहाचं) किंवा फिनेरेनोन सुरू केल्यावर एसीआर ३० टक्क्यांनी किंवा अधिक उतरला, तर ती चांगली खूण मानतात.

मर्यादाही आहे. काही मधुमेहींची किडनी अल्ब्युमिन न गळताही खालावते. नलिकांचे आजार आणि पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) यांत एसीआर कमी राहू शकतो. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये लघवीतून जाणारं प्रथिन अल्ब्युमिन नसतंच, त्यासाठी एकूण प्रथिनं आणि वेगळ्या तपासण्या लागतात.

दोन्ही एकत्र: धोक्याचं गणित

कॅनडात नवदीप टांगरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'किडनी फेल्युअर रिस्क इक्वेशन', म्हणजे किडनी निकामी होण्याचा धोका काढायचं समीकरण, मांडलं. वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर एवढ्या चार गोष्टी टाकल्या की २ आणि ५ वर्षांत किडनी निकामी होण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. २०१६ मध्ये ३० हून अधिक देशांतल्या ७ लाखांवर लोकांच्या माहितीवर ते तपासलं गेलं. ते ईजीएफआर ६०च्या खाली असलेल्यांसाठी आहे. ५ वर्षांचा धोका ३ ते ५ टक्के झाला की किडनीतज्ज्ञांकडे जावं आणि २ वर्षांचा ४० टक्क्यांवर गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची तयारी सुरू करावी, असं केडिगो या किडनीविकारावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचना सुचवतात. माझ्या मते रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना 'माझा धोका किती टक्के?' असं विचारणं कोणत्याही नव्या तपासणीपेक्षा जास्त मोलाचं आहे.

नवे मार्कर

मार्कर म्हणजे आजाराची खूण देणारे पदार्थ. एनगॅल आणि किम-१ ही प्रथिनं नलिकांना इजा झाल्याचं दाखवतात. एनगॅल अचानक झालेल्या इजेनंतर काही तासांतच वाढतं, तिथे ते कामाचं आहे. दीर्घकालीन आजारात मात्र ईजीएफआर आणि एसीआर आधीच हातात असताना त्याने अंदाजात फारशी भर घातली नाही. शरीरातल्या सूजेशी जोडलेली टीएनएफ रिसेप्टर ही रक्तातली प्रथिनं मधुमेहींमध्ये जास्त आश्वासक ठरलीत. ती, किम-१ आणि पेशंटची इतर माहिती मिळून बनलेल्या 'किडनीइंटेलएक्स' चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये मान्यता दिली.

लघवीतल्या २७३ पेप्टाइडांवरून (प्रथिनांच्या तुकड्यांवरून) काढलेल्या सीकेडी२७३ या चाचणीची गोष्ट इथे विचारात घ्यावी अशी आहे. पुढे कोणाला अल्ब्युमिन जाऊ लागणार हे त्याने खरोखर ओळखलं. पण 'प्रायॉरिटी' नावाच्या अभ्यासात अशा जास्त धोक्याच्या लोकांना स्पायरोनोलॅक्टोन दिलं, तेव्हा आजार रोखला गेला नाही. युरिक ॲसिडचंही तसंच. ते वाढलेलं असलं की धोका जास्त दिसतो, पण २०२० मध्ये आलेल्या दोन अभ्यासांत ॲलोप्युरिनॉलने ते उतरवूनही किडनीची घसरण थांबली नाही. गाउट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) नसताना केवळ किडनी वाचवायला ते औषध घेण्यात अर्थ नाही.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीच्या गाळणीच्या आजारात रक्तातल्या पीएलए२आर अँटिबॉडीची पातळी निदानाला आणि उपचार ठरवायलाही मदत करते. ती तपासणी टाळू नये.

म्हणून निवड करायची तर मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने वर्षातून एकदा ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही करावेत, आणि आजार ठरलेला असेल तर धोक्यानुसार जास्त वेळा. आकडा संशयास्पद वाटला तर सिस्टॅटिन-सी. बाकीचे नवे मार्कर तज्ज्ञांनी ठोस कारण सांगितलं तरच.

एसीई इनहिबिटर, एआरबी किंवा एसजीएलटी-२ इनहिबिटर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा उतरतो. ही घट ३० टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेकदा अपेक्षितच असते. तो रिपोर्ट बघून घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.