सरकारीत गुप्तरोगाची तपासणी: वर्षभराचा अनुभव

दुसरं लग्न ठरलं तेव्हा आधी दोघांनी रक्त तपासून घेऊया, हे तिनंच सुचवलं. पत्रिका बघण्यापेक्षा हे बरं, असं मलाही वाटलं. निपाणी-चिकोडीकडची आमची माणसं असल्या कामाला कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतात, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून. (आणि तिथं स्टँडवर उतरल्या उतरल्या गावातलाच कोणतरी भेटतो, हा भाग वेगळा.) आम्ही जिल्ह्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात गेलो. पुढं महिनोन् महिने फेऱ्या माराव्या लागल्या, तेव्हा जवळचं निवडलं ते बरंच झालं.

ओपीडीची चिठ्ठी काढायची आणि 'आयसीटीसी कुठं' एवढंच विचारायचं. पाटी कानडीत असली तरी हा शब्द सगळ्यांना कळतो. एचआयव्हीची तपासणी तिथं होते, बाकीच्या लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. दोन्हीकडे फुकट. समुपदेशक बाई मराठीत विचारत होत्या आणि कानडीत लिहून घेत होत्या. जोडीदार किती, निरोध वापरता का, कधी जखम, लघवीला जळजळ, पांढरं जाणं? रेशनकार्डावर माणसं किती असं विचारावं, त्याच सुरात. मी चाचरत होतो तर म्हणाल्या, "बसा की, कशाला घाबरायलायसा?" तिथं माझी अर्धी भीती गेली. शेवटचा संबंध कधी आला हेही विचारतात, कारण लागण ताजी असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. नुसत्या अँटिबॉडी (रोगाविरुद्ध शरीर रक्तात जे तयार करतं ते) बघणाऱ्या चाचणीला तीन महिन्यांपर्यंतचा काळ धरतात. 2017 च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगताही येत नाही. आमच्याकडून सही घेतली, निकालही एकेकट्याला आत बोलावून सांगितला.

एचआयव्ही दोघांचा निगेटिव्ह. तिचं बाकीचंही स्वच्छ. माझी आरपीआर, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी, मात्र रिॲक्टिव्ह (पॉझिटिव्हसारखीच), 1:16. म्हणजे रक्त सोळापट पातळ केलं तरी चाचणी लागत होती. म्हणजे सिफिलिस. मला ना जखम आठवत होती ना पुरळ. डॉक्टर म्हणाले, पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप बरी होते, त्यामुळे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. आरपीआर कधीकधी दुसऱ्या कारणांनीही रिॲक्टिव्ह येते, म्हणून टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी रक्ततपासणी करून खात्री केली. लागण कधीची ते सांगता येत नव्हतं, म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. आधी हातावर टेस्ट डोस, नंतर दोन्ही बाजूंना कमरेखाली. औषध दाट असतं, सुई जाड. त्या दिवशी बाईक चालवत घरी जायचा विचार करू नका.

मधल्या आठवड्यात इंजेक्शनच संपलेलं. "पुढच्या आठवड्यात बघा" म्हणाले. तीन डोसांत असं अंतर पडून चालत नाही, म्हणून समोरच्या मेडिकलातून आणून त्यांच्याकडूनच टोचून घेतलं. दुसरी तक्रार आवाजाची. आत इतकी गुप्तता पाळतात आणि बाहेर शिपाई गच्च भरलेल्या व्हरांड्यात नाव-आडनाव घेऊन हाक मारतो!

खरी गंमत पुढं झाली. काही महिन्यांनी घाईत एका खासगी डॉक्टरकडे गेलो, त्यांनी नुसती टीपीएचए केली. पॉझिटिव्ह आली. "आजार अजून आहे, परत कोर्स घ्या" म्हणाले. मी तो कागद घेऊन परत सरकारीत. तिथल्या डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते, उपचार लागू पडला का ते आरपीआरच्या आकड्यावरून बघायचं. तो निदान चौपट उतरायला हवा. 1:16 चा 1:8 झाला तर ते धरत नाहीत, 1:4 झाला तर धरतात. माझा सहाव्या महिन्यात 1:4 आला. दरवेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं करा, नाहीतर आकडे जुळवता येत नाहीत. मी सगळे कागद एका फाईलीत ठेवलेत आणि प्रत्येक डॉक्टरपुढं आधी ती फाईल ठेवतो.

सरकारीत एक गोष्ट मिळाली नाही, गोनोरिया आणि क्लॅमिडिया या दोन गुप्तरोगांची लघवीची पीसीआर, म्हणजे थेट जंतू शोधणारी चाचणी. तिथं लक्षणं बघून औषधांचं रंगीत किट देतात. पुरुषाच्या लिंगातून स्राव असेल तर करडं, बाईच्या अंगावरून जात असेल तर हिरवं, नागिणीसारखे फोड गुप्तांगावर असतील तर लाल. लक्षण असेल तर पद्धत चांगली, त्याच दिवशी औषध सुरू. पण क्लॅमिडिया असूनही बऱ्याच बायकांना काहीच होत नाही, मग किट कुठलं देणार? ती चाचणी आम्ही खासगी लॅबमध्ये पैसे भरून केली. तिथल्या पोरानं डबी देताना मधली धार घ्यायला सांगितली, साध्या लघवीच्या तपासणीला सांगतात तशी. या चाचणीला पहिली धार लागते आणि त्याआधी तासभर तरी लघवीला गेलेलं नसावं. आम्ही परत दिली. दोघांचीही निगेटिव्ह.

लग्न झालं. माझी पुढची आरपीआर वर्ष पुरं झालं की. जाणार असाल तर नाश्ता करून जा, या रक्ताला उपाशीपोटी लागत नाही. सोमवार टाळा, चिठ्ठीच्या रांगेतच दुपार होते. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर 1097 ला फोन करा, पैसे पडत नाहीत आणि नावही सांगावं लागत नाही.