कॅम्पर व्हॅन घेताय? आधी आरसीतली एक ओळ बघा, आम्हाला नऊ लाखाची टोपी बसलीय

जुनी टेंपो ट्रॅव्हलर घ्यायची, सीटा उपटायच्या, आत पलंग, ओटा, सिंक, कोपऱ्यात संडास, टपावर सोलर, आणि रीलमध्ये पडदा सरकवून चोर्ला घाटातलं धुकं दाखवायचं. गिऱ्हाईक आपोआप येतंय. आम्हीही असेच गेलो.

मी शाळेतनं रिटायर झालेला माणूस. खानापूर तालुक्यातल्या घराची भावाभावांत वाटणी झाली, माझ्या वाट्याला पैसे आले, मुलगा पुण्यात, आणि आमच्या हिला आयुष्यभर फिरायची हौस. मग दोघांचं ठरलं की भाड्याचं घर सोडायचं आणि बारा महिने गाडीतच राहायचं, उन्हाळ्यात आंबोली, पावसाळ्यात विजापूरच्या बाजूला कोरड्यात, थंडीत कोकण. नातेवाईक हसले, ते राहू दे.

गाडी बनवणारा कोल्हापूरच्या बाजूचा. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. बोलायला एकदम गोड, पहिल्या भेटीतच गुरुजी गुरुजी करून चहा, वडापाव, आमच्या हिला वहिनी. मी विचारलं आरटीओचं काय, आत एवढं सगळं बदललंय ते चालतंय का? तर म्हणाला, "गुरुजी तुम्ही पैसे टाका, आरटीओचं मी बघतो, बेळगावात आपला माणूस बसलाय." पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ हे एक वाक्य आहे, कुणीही असं म्हणालं की तिथनंच उठा.

त्याची खरी हुशारी अशी की तो सगळंच खोटं दाखवत नाही, खऱ्याला चिकटवून खोटं दाखवतो. मोबाईलवर महाराष्ट्र सरकारचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण काढून दाखवलं, जीआर खरा, शिक्का खरा, त्यात कॅराव्हॅनला प्रोत्साहन देणार असं लिहिलेलं पण खरं. पण ते धोरण पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांसाठी, तेही महाराष्ट्रातलं, आणि आम्ही राहणार कर्नाटकात. कुणाच्या तरी शेडमध्ये वेल्डिंग करून बनवलेली गाडी त्यानं कायदेशीर होत नाही. हे आत्ता सांगायला सोपं आहे, त्यावेळी सरकारी कागद बघून माणूस गप्प होतो.

दुसरा कागद म्हणजे गाड्यांच्या नोंदीच्या सरकारी 'वाहन' साईटचा स्क्रीनशॉट. त्यात गाडीच्या क्लासपुढं लिहिलेलं कॅम्पर व्हॅन, प्रायव्हेट युज. नंबर आमच्याच गाडीचा. नंतर कळलं की ती दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची माहिती होती आणि वर नंबर तेवढा एडिट करून टाकलेला. म्हणून सांगतो, समोरच्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट, आरसीचा फोटो, लॅमिनेशन केलेली झेरॉक्स यातलं काहीही खरं धरू नका. सरकारचं एमपरिवहन ॲप आपल्या मोबाईलवर घ्या, नंबर आपल्या हातानं टाका आणि व्हेईकल क्लास ही ओळ बघा. तिथं मॅक्सी कॅब, म्हणजे भाड्यानं प्रवासी नेणारी गाडी, असं असेल तर आत संगमरवरी ओटा असला तरी ती मॅक्सी कॅबच. मग चासी नंबर गाडीवर जिथं ठोकलेला असतो तिथं जाऊन आरसीशी जुळवा, फिटनेस कधी संपलाय बघा, टॅक्स बघा, आणि फायनान्सचा बोजा आहे का ते बघा. आमच्या गाडीवर बोजा होता. म्हणजे गाडी त्याची नव्हतीच, तिसऱ्याच माणसाच्या नावावर, त्या माणसानं गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून कुठल्या तरी एजंटला दिलेली, तिथनं ती हिंडत हिंडत याच्या शेडमध्ये आलेली.

पैसे कसे घेतले तेही बघा. टोकन यूपीआयनं, थोडे चेकनं, बाकी कॅश, कारण म्हणे "जीएसटी कशाला भरताय गुरुजी". एकूण नऊ लाखावर गेले. बिल मागितल्यावर बिल दिलं की, आम्ही खूश, पण त्यावर लिहिलंय काय तर 'लाकडी फर्निचर व रंगकाम'. गाडी विकली असं कुठं नाही, कॅम्पर करून देतो असं कुठं नाही. वकिलांनी ते बिल बघून नुसता चष्मा काढून पुसला.

गाडी भेटल्यावर पहिले काही दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू. मग संकेश्वरच्या अलीकडं हायवेवर चेकिंगला अडवलं. साहेबांनी मशीनमध्ये नंबर टाकला आणि पाटीकडं बघत राहिले. रेकॉर्डला गाडी ट्रान्सपोर्टची, म्हणजे पाटी पिवळी पाहिजे, आमची पांढरी. परमिट संपलेलं, फिटनेस संपलेला. आत डोकावले तर सीटांच्या जागी पलंग आणि पलंगाखाली घरगुती लाल सिलेंडर. मी बनवणाऱ्यानं दिलेला, गाडीतला बदल मंजूर झाल्याचा कागद काढून दिला, कानडीत होता, मला चार अक्षरं वाचता येतात तेवढंच. त्यांनी एकदा वाचला आणि म्हणाले, "आगंगिल्ल री सर (चालत नाही सर), हे आमच्या ऑफिसचं नव्हेच." आमची ही तोपर्यंत गाडीतनं उतरून रस्त्याकडेला दगडावर बसलेली. आमचं राहतं घर म्हणजे तीच गाडी ना, ती जप्त झाली की आम्ही जायचं कुठं? त्या रात्री भावाच्याच घरी जावं लागलं, ज्याच्याबरोबर वाटणी झाली त्याच्याच.

आरटीओ ऑफिसला गेल्यावर तिथल्या इन्स्पेक्टरनी बसवून सगळं समजावून सांगितलं, माणूस चांगला होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीनं मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. पूर्वी राज्याराज्यांत यावर काहीबाही चालायचं, पण जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते पक्कं करून टाकलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दंडाचं कलम १८२ए आलं, मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर बदलामागं ५ हजार दंड नाहीतर ६ महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन्ही. बदलामागं म्हणजे पलंगाचे वेगळे, सोलरचे वेगळे असं धरतात की काय, ते विचारायचं धाडस झालं नाही. डीलर किंवा गाडी बनवणारी कंपनी असं करेल तर त्यांना गाडीमागं १ लाख दंड नाहीतर वर्षापर्यंत कैद नाहीतर दोन्ही आहे, पण आमचा पठ्ठ्या कागदावर सुतार.

मग काय, भारतात कॅम्पर घेताच येत नाही का? येतंय की. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत गाड्यांचे जे प्रकार दिलेत त्यात खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन स्वतंत्र लिहिलीय. मोटार कॅराव्हॅन कशी बांधायची याचं एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे. फक्त रस्ता उलटा आहे. रजिस्टर झालेली जुनी प्रवासी गाडी घेऊन शेडमध्ये फोडायची नाही, तर कंपनीची चासी घ्यायची, मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडनं बॉडी बांधायची, ते मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या टेस्टिंग संस्थेकडनं पास झालेलं पाहिजे, फॉर्म २२ए मध्ये चासीवाल्याचा एक भाग आणि बॉडीवाल्याचा दुसरा भाग भरलेला पाहिजे, आणि मग पहिल्यांदाच ती कॅम्पर म्हणून रजिस्टर होते. सगळं आधी, रजिस्ट्रेशन नंतर. म्हणून बनवणाऱ्याला एकच विचारा, फॉर्म २२ए चा दुसरा भाग दाखव. आमच्या माणसाला मी नंतर फोनवर हे विचारलं, तो म्हणाला रेंज नाही.

त्याच्या पोटात अजून एक धंदा होता, तो थोडक्यात सांगतो. गाडी उभी करायला जांबोटीच्या बाजूला 'कॅम्प प्लॉट', लाईट पाणी सगळं, वर्षाचं भाडं ऍडव्हान्स. त्याचं म्हणणं, चाकं आहेत म्हणजे घर नाही, घर नाही म्हणजे एन.ए. (बिगरशेती परवानगी) लागत नाही. ऐकायला कसं बरोबर वाटतं बघा. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमिनीच्या साईटवर उतारा काढला तर जमीन शेतीची, नावं दुसऱ्यांचीच. कर्नाटकात शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली परवानगी लागते, पैसे घेऊन माणसं राहायला ठेवणं म्हणजे शेती नव्हे. आणि त्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, २०११ पासून, तिथं हद्दीजवळ रात्री गाडी लावून चूल पेटवली तर फॉरेस्टवाले विचारणारच. ते पैसेपण गेले.

पत्त्याचं पण असंच. तो म्हणायचा घरपट्टी नाही, पाणीपट्टी नाही, गाडी हाच पत्ता. गाडीलाच कायद्यानं पत्ता लागतोय, आणि तो माणसाचा. राहण्याचा पत्ता बदलला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आणि दुसऱ्या राज्याची गाडी इथं १२ महिन्यांच्या वर ठेवली तर इथला नवीन नंबर घ्यावा लागतो, त्याला पहिल्या राज्याची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८. बोजा असलेल्या गाडीला फायनान्सवाल्यानं सही दिल्याशिवाय ते हलत नाही. आमची गाडी एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरची, आम्ही राहणार केए-२२ म्हणजे बेळगावात, आणि ही मधली रेघच त्याचं दुकान आहे. कोल्हापुरात विचारलं की म्हणायचा कागद बेळगावात होणार, बेळगावचा तो माणूस म्हणायचा एनओसी तिकडनं आली की करतो. दोघांचे फोन एकाच वेळी बंद व्हायचे.

पोलिसांतही तसंच झालं. इकडच्या ठाण्यात म्हणाले शेड महाराष्ट्रात आहे तिकडं जा, तिकडं म्हणाले पैसे कर्नाटकातनं गेलेत, इकडं या. सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही म्हणा, आमचं सगळंच असं हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर लटकलेलं. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीचा एक तरुण वकील बरोबर घेतला, त्यानं ठाण्यात शांतपणे सांगितलं की १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, तिच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर घ्यायलाच पाहिजे, झिरो एफआयआर करा आणि पाठवून द्या. मग घेतली. फसवणुकीचं जुनं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, अर्जात तो नंबर घाला.

दुसरीकडं ग्राहक आयोगातही अर्ज टाकलाय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक चांगली सोय आहे, विकणारा कुठला का असेना, आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखाला २०० रुपये. मुदत दोन वर्षं, त्यामुळं "देतो देतो" म्हणणाऱ्याच्या नादाला लागून वेळ घालवू नका, आमचे असेच बरेच महिने गेले, दर सणाला त्याचा शुभेच्छांचा मेसेज यायचा आणि आम्ही गप्प बसायचो. व्हॉट्सॲपचे मराठी चॅट इंग्रजीत भाषांतर करून लावायला लागले, त्याचा खर्च वेगळा. फोनवर बोललेलं काही उपयोगाला आलं नाही, लिहून पाठवलेलं सगळं आलं. "आरटीओचं मी बघतो" हे त्यानं एकदा चॅटमध्येही लिहिलं होतं, वकील म्हणतात तेच एक वाक्य त्या फर्निचरच्या बिलापेक्षा भारी पडेल.

इन्शुरन्सची पण चौकशी केली. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावानं, प्रवासी गाडीची, त्यात बदल कळवलेला नाही. घाटात काही झालं असतं तर क्लेमचं नाव काढायची सोय नव्हती. गाडीत आम्ही दोघं झोपत होतो, पलंगाखाली १४.२ किलोचा सिलेंडर, आणि वायरिंग कुणी केलंय ते देवाला माहीत. पैशापेक्षा हे आठवलं की आमची ही अजून चिडते.

तो माणूस अजून रील टाकतोय. मागच्या आठवड्यात भाच्यानं एक दाखवलं, दुसऱ्या नावानं पेज, गाडी दुसरी, पण आतला ओटा तोच, सागवानी कपाटाच्या हँडलसकट. खाली कमेंटमध्ये हुक्केरी, गडहिंग्लज, निपाणी इकडचीच माणसं किंमत विचारालीत. तुमच्यापैकी कुणी असा टोकन देऊन बसला असाल तर पावत्या, चॅट, यूपीआयचे मेसेज काहीही डिलीट करू नका, मोबाईल बदलणार असाल तर आधी सगळं काढून ठेवा. सारखीच तक्रार असणाऱ्या ग्राहकांना आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते, ग्राहक कायद्याच्या कलम ३५ मध्ये ती सोय आहे. वकील तयार आहेत, आमचे कागद तयार आहेत, अजून दोन-तीन घरं जरी पुढं आली तरी त्याला 'मी फक्त सुतारकाम केलं' म्हणून सुटता येणार नाही.