आजोबांची पद्मिनी: जुनं इंजिन की जिप्सीचं?

वारशात फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी मिळाली, की दोनच वाटा उरतात. पहिली, मूळ १०८९ सीसीचं इंजिन खोलून बोअर-पिस्टन, व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर नव्याने करून घेणं. ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. घाटात ट्रकमागे रांगायची तयारी ठेवा.

दुसरी, मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन बसवणं. ताकद थेट ८० हॉर्सपॉवर, आणि सकाळी चोक ओढायची कटकट नाही. मोह होतोच! पण काम इंजिनापाशी थांबत नाही. इंजिन बसवायचे माउंट नवे, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून जुळवायचा, रेडिएटर मोठा, वायरिंग वेगळं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला दुप्पट ताकद देताना आधी ब्रेक बदला, मग बाकीचं बोला. गिअरबॉक्सही बदलला, तर स्टीअरिंगजवळचा गिअरचा दांडा गेला. माझ्या मते अर्धी पद्मिनी तिथेच संपते.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल अंगाशी येतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर ती मूळ रूपातच लागते.

म्हणून हौसेसाठी जुनं इंजिनच बरं. रोज ऑफिसला न्यायची असेल, तर मात्र सरळ दुसरी गाडी घ्या.