‘शॉकअप गेलेत’ म्हणत खळ्यात येणाऱ्यांपासून सावध राहा

गुहागर-चिपळूण पट्ट्यात छोट्या टेम्पोत हत्यारं घेऊन फिरणारे, ‘घरी येऊन सस्पेन्शनचं काम करून देतो’ (म्हणजे गाडीचे धक्के झेलणारे शॉकअप-स्प्रिंग दुरुस्त करून देतो) म्हणणारे काही जण आहेत. सगळेच लबाड असतील असं नाही. पण त्यातल्या दोघांनी गेल्या आंब्याच्या हंगामात आम्हाला १४,००० रुपयांना गंडवलं. पैसे गेले त्यापेक्षा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्यांनी बसवलेल्या भंगाराच्या भरवशावर मी आईला आणि मुलांना घेऊन परशुराम घाट उतरले. आता गणपतीला चाकरमानी खड्डे खात गावी येतील आणि हीच माणसं पुन्हा कुणाच्या तरी दारात उभी राहतील, म्हणून सगळं खोलात लिहितेय.

आमची साधी हॅचबॅक आहे. मागची सीट पाडून आंब्याच्या पेट्या भरल्या होत्या, त्यामुळे गाडी मागून दबली होती. ते दोघे रस्त्यावरून वळून थेट खळ्यात आले. “ताई, गाडी पार बसलीय. शॉकअप गेलेत. घाटात दगा देईल.” एकाने मागच्या चाकाआड हात घातला आणि तेलाने माखलेली बोटं बाहेर काढून दाखवली. मी वाकून पाहिलं, तर शॉकअपवर खरंच तेल ओघळलेलं. यजमान बोटीवर असतात, त्यांना दाखवायला मी फोटो काढून ठेवला.

पुढे तो फोटो बघूनच चिपळूणच्या आमच्या मिस्त्रीमामांनी सांगितलं की हे तेल बाहेरून मारलंय. खरी गळती हळूहळू होते. शॉकअपमध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडभोवतीच्या सीलमधून तेल पाझरतं, त्यावर धूळ बसते आणि खालच्या नळकांड्यावर काळा चिकट थर साचतो. आमच्या शॉकअपवरचं तेल स्वच्छ, पातळ होतं आणि सीलच्या बरंच वर, धूळ अडवणाऱ्या टोपणाच्या बाहेरच्या अंगालाही होतं. आतलं तेल तिथे चढेल कसं? हातात लपवलेली तेलाची पिचकारी पुरते या कामाला.

दुसरी थाप ‘गाडी बसलीय’ ही. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. शॉकअप पूर्ण निकामी झाला तरी उभ्या गाडीची उंची जवळजवळ तेवढीच राहते. ती खड्ड्यावरून गेली की डोलत राहते, चाक रस्ता सोडतं, ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. तेव्हा शॉकअप बदलून गाडी उंच करून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, एवढं धरून चाला.

त्यांनी नामांकित कंपनीची खोकी आणली होती. सील आधीच कापलेलं. विचारलं तर म्हणाले, “आम्ही चेक करून आणतो.” आतले शॉकअप काळेभोर, चकचकीत, रंगाचा वास येत असलेले. मागच्यांबरोबर त्यांनी पुढचेही शॉकअप खोलले. पुढच्या चाकांकडे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात. ती जोडी सोडवायला स्प्रिंग कंप्रेसर लागतो, कारण दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचा जोर असतो. यांनी ती चक्क तारेने बांधून वरचा नट सोडला, आणि माझी मुलं चार हातांवर उभी राहून बघत होती. तार तुटली असती तर काय झालं असतं, या विचाराने अजून धस्स होतं.

काम झालं आणि गाडी मागून दोन बोटं वर आली. बिल “उद्या व्हॉट्सॲपवर पाठवतो” म्हणाले. जुने शॉकअप भंगारात टाकतो म्हणून घेऊन गेले.

पावसाने उघडं पाडलं. खारी हवा आणि पहिल्या सरी लागल्यावर रंगाचे पोपडे निघाले आणि खाली जुना गंज दिसला. घाटात मागची बाजू होडीसारखी हेलकावे घ्यायला लागली तेव्हा गाडी मिस्त्रीमामांकडे नेली. त्यांनी मागचे दोन्ही शॉकअप काढून रॉड हाताने आत दाबला. गॅसचा शॉकअप चांगला असेल तर दाबलेला रॉड आपोआप हळूहळू बाहेर येतो. आमचे तसेच आत बसून राहिले. अंगावरचा नंबर कानशीने घासलेला होता. आणि उंचीचं गुपित म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत ठोकलेले रबराचे तुकडे. त्यामुळे काही वेटोळी जखडतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो. गंजलेली स्प्रिंग अशाने तुटूही शकते. आमचे जुने शॉकअपही रंगवून कुणाच्या तरी गाडीला लागले असतील, अशी मला दाट शंका आहे.

कुणी असं काही सांगितलंच तर सपाट जागी, रिकाम्या गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन गाडी स्थिरावली पाहिजे, दोन-तीनदा हेलकावली तर शंका घ्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना टेपने मोजून लिहून ठेवा. बदलायचेच असतील तर पुढची किंवा मागची जोडी एकदम बदलतात. खोकं आपल्यासमोर फुटलं पाहिजे, त्यावर एमआरपी, महिना-वर्ष आणि पार्ट नंबर असतो, तो शॉकअपवरच्या नंबराशी ताडून बघा. पुढच्या चाकांचं काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, करावंच लागतं. त्याचं नावही न काढणाऱ्याला चाकाला हात लावू देऊ नका. आणि जुने भाग आपल्याकडेच ठेवून घ्या, ते आपले आहेत.

त्यांचा फोन तेव्हापासून बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे, पोलिसांकडेही अर्ज दिलाय. बिल नसलं तरी यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद आहे आणि तो तेलाचा फोटो आहे. तुमच्याकडेही असं कुणी येऊन गेलं असेल तर पैसे दिल्याची नोंद, फोटो, टेम्पोचा नंबर, जे हाताशी असेल ते घेऊन तक्रार करा. एकट्या माझ्या अर्जावर पोलीस किती धावतील कोण जाणे, पण चार गावांतून अर्ज गेले तर त्यांना दखल घ्यावीच लागेल.